रॉनी बार्कर: स्वतःच्याच कार्यक्रमाला खोट्या नावाने स्किटं पाठवणारा माणूस

कापूसकोंड्या

ब्रिटिश विनोदी मालिकांवर इथे अधूनमधून धागे निघतात आणि 'येस मिनिस्टर', 'फॉल्टी टॉवर्स' झालं की थंडावतात. रॉनी बार्कर या नट-लेखकावर (१९२९ ते २००५) मात्र इथे कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

१९६८ साल. डेव्हिड फ्रॉस्टचा 'फ्रॉस्ट ऑन संडे' हा कार्यक्रम टीव्हीवर चालू होता. लिहायला लेखकांची फौज, आणि स्किटं करायला रॉनी बार्कर, रॉनी कॉर्बेट वगैरे मंडळी. अशात एजंटमार्फत जेराल्ड वायली नावाच्या कुणा अनोळखी माणसाचं लिखाण यायला लागलं. बार्करने सगळ्यांना एवढंच सांगितलं की माणूस बुजरा आहे, कुणाला भेटत नाही, पण बरं लिहितो. स्किटं आवडली, घेतली गेली, गाजली. मग हा वायली कोण यावर पैजा लागायला लागल्या. कुणी म्हणे टॉम स्टॉपर्ड, कुणी म्हणे अ‍ॅलन बेनेट. कुणीतरी मोठा नाटककार चार पैशांसाठी नाव लपवून टीव्हीला लिहितोय, अशी सर्वांची खात्री.

वायली म्हणजे बार्करच होता, हे तुम्ही ओळखलं असेलच. पण त्याने हे सोंग किती निगुतीने वठवलं ते बघा. वायलीचं एखादं स्किट सगळ्यांसमोरच्या वाचनात पडेल वाटलं की बार्कर स्वतःच त्यावर नाक मुरडायचा. दवाखान्यात सगळे एकमेकांकडे न बघता गप्प बसलेत आणि एकजण त्यांना बोलतं करायला बघतोय, असं एक स्किट कॉर्बेटने केलं होतं. ते त्याला इतकं आवडलं की रंगमंचावर करण्यासाठी त्याला हक्क विकत हवे होते. वायलीच्या एजंटने आकडा सांगितला ३,००० पौंड. कॉर्बेट बिचारा सल्ला मागायला गेला कुणाकडे, तर बार्करकडे! बार्कर म्हणाला, छे, फारच मागतोय. मग काही दिवसांनी वायलीकडून निरोप आला की तू ते इतकं छान केलंस, तुला फुकट घे. कॉर्बेटने खूश होऊन वायलीच्या नावाची आद्याक्षरं कोरलेले काचेचे पेले भेट म्हणून पाठवले. गेले बार्करच्या घरी.

शेवटी वायलीने सगळ्यांना स्टुडिओसमोरच्या चिनी हॉटेलात जेवायला बोलावलं. फ्रँक म्युर हा बडा विनोदी लेखक आत आला, तर लोकांना वाटलं, सापडला! मग बार्कर उठून म्हणाला की वायली मीच. पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसेना.

मला यात गंमत वाटते ती फसवणुकीची नाही. नटाने लिहिलेलं स्किट वाचनात आलं की इतरांची पंचाईत होते. वाईट आहे म्हणावं तर हा रोज समोर बसणार, चांगलं म्हणावं तर चमचेगिरी. बार्करला आपल्या लिखाणाची खरी किंमत काय ते बघायचं होतं, आणि त्यासाठी स्वतःला खोलीबाहेर काढण्यावाचून इलाज नव्हता. त्याची अख्खी कारकीर्द मला याच चालीची वाटते: जिथे तिथे स्वतःला वजा करत गेलेला माणूस. पटतंय का बघा. बाकी मालिकांबद्दल प्रतिसादांत लिहितो.

चिंचगोळी

भारी किस्सा आहे! पेले परत केले का पण?

कापूसकोंड्या

ते काही वाचनात आलं नाही. मी असतो तर नसते केले. :)

नेपथ्यवाला

लेख आवडला, पण एक शंका. आपल्याकडे गडकरी विनोदी लिहायचे ते 'बाळकराम' म्हणून, कविता करायचे त्या 'गोविंदाग्रज' म्हणून. जयवंत दळवींनी 'ललित'मध्ये 'ठणठणपाळ' होऊन अख्ख्या साहित्यविश्वाची टोपी उडवली. टोपणनावात मग एवढं नवल काय?

कापूसकोंड्या

@नेपथ्यवाला, गडकरी किंवा दळवी छापून येत होते हो. वाचकाला लेखक दिसतच नसतो, तिथे नाव बदलल्याने वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही फरक पडत नाही. इथे लेखक टेबलापाशी बसलाय, त्याच्यासमोर त्याचं स्किट मोठ्याने वाचलं जातंय, लोक हसतायत किंवा हसत नाहीयेत, आणि त्याने चेहरा कोरा ठेवायचाय. नंतर तेच स्किट त्याने करायचं, आणि करताना 'हे वाक्य नीट बसत नाही' अशी कुरकुरही करायची. हा अभिनयच झाला की!

आणि एकच नाव नव्हतं. 'हिज लॉर्डशिप एंटरटेन्स'साठी तो जोनाथन कोबाल्ड झाला, १९८८ च्या 'क्लॅरेन्स'साठी बॉब फेरिस. वायलीचं गुपित फुटल्यानंतरही बार्कर-कॉर्बेटच्या 'द टू रॉनीज' या पुढच्या मालिकेच्या श्रेयनामावलीत जेराल्ड वायली वर्षानुवर्षं दिसत राहिला. त्यातही मजा म्हणजे 'हार्क अ‍ॅट बार्कर' (१९६९-७०) ही त्याची मालिका लिहिणारा 'पीटर कॉलफिल्ड' हाही खोटा माणूस. तो खरा अ‍ॅलन एकबॉर्न, पुढे ब्रिटनमधला मोठा नाटककार झालेला. तेव्हा तो बीबीसीत नोकरीला होता, त्यामुळे दुसऱ्या वाहिनीवर स्वतःच्या नावाने लिहिणं शक्य नव्हतं.

मिसळखाऊ

म्हणजे त्या काळी लंडनमध्ये खऱ्या नावाने कुणी लिहितच नव्हतं का? खिक्क.

शुभ्रा_क

थोडी पार्श्वभूमी द्या ना. हा नाटकातून आला की थेट टीव्हीत?

कापूसकोंड्या

नाटकातून, आणि तेही खालच्या पायरीवरून. जन्म बेडफर्डचा, वाढला ऑक्सफर्डला. वडील तेलकंपनीत कारकून. आधी आर्किटेक्चर शिकायला गेला, ते काही महिन्यांतच सोडलं. मग बँकेत चिकटला आणि संध्याकाळी हौशी नाटकं करायला लागला (ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे निम्मी रंगभूमी बँका आणि एलआयसीनेच पोसली). १९४८ मध्ये एल्सबरीच्या रेपर्टरी कंपनीत लागला.

रेपर्टरी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं बियाणं तिथलं. एका गावात कंपनी ठाण मांडून बसते आणि बहुधा दर आठवड्याला नवं नाटक लावते. रात्री या आठवड्याचा प्रयोग, दिवसा पुढच्याची तालीम. या सोमवारी पोलिस, पुढच्या सोमवारी पाद्री, त्यानंतर आजोबा. विशीतल्या पोराने सत्तरीचे म्हातारे करायचे, मिशा स्वतःच चिकटवायच्या. बार्करने ही वर्षं अशी काढली. मधे एका मूकनाट्य कंपनीत गेला, ती कॉर्नवॉलच्या पार टोकाला पेन्झन्सला बुडाली आणि हा कफल्लक अवस्थेत ऑक्सफर्डला घरी परतला. काही काळ इस्पितळात रुग्णांना ढकलगाडीवरून नेण्याचं काम केलं. मग ऑक्सफर्ड प्लेहाउस, तिथून दिग्दर्शक पीटर हॉलने त्याला १९५५ मध्ये लंडनला आणलं.

रेडिओवर 'द नेव्ही लार्क' १९५९ पासून वर्षानुवर्षं चालला. रेडिओला चेहरा लागत नाही, एका भागात चार-चार आवाज काढता येतात, त्यामुळे हा तिथे खूश.

जुना_ट्रांझिस्टर

रेडिओचा उल्लेख आला म्हणून खास लॉगिन केलं. 'पॉरिज' या त्याच्या तुरुंगावरच्या मालिकेत शीर्षकाच्या वेळी जो न्यायाधीश शिक्षा सुनावतो, तो आवाजही बार्करचाच आहे. पडद्यावर तुरुंगाचे दरवाजे एकामागोमाग बंद होतात, कुलपं लागतात, आणि धीरगंभीर सरकारी आवाजात नॉर्मन स्टॅनली फ्लेचरला पाच वर्षांची शिक्षा होते. शिक्षा देणारा तोच, भोगणारा तोच. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी परत लावून ऐकलं होतं. फ्लेचरच्या लंडनच्या गल्लीतल्या बोलीचा त्यात मागमूस नाही.

कापूसकोंड्या

@जुना_ट्रांझिस्टर वा! हे लिहायचंच होतं.

'पॉरिज' (१९७४ ते ७७) बार्करने लिहिलेली नाही, डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या जोडीची आहे. तरी त्याचं सर्वोत्तम काम तेच, असं माझं मत. १९७३ मध्ये बीबीसीने त्याला 'सेव्हन ऑफ वन' या नावाखाली सात वेगवेगळे एकेकटे भाग करायला दिले, जो चालेल त्याची मालिका करू म्हणून. त्या सातातून त्याच्या दोन मालिका निघाल्या, 'पॉरिज' आणि 'ओपन ऑल अवर्स'. एका झाडाला एवढी फळं क्वचितच लागतात.

तुरुंगात चित्रण करायला सरकारने परवानगी दिली नाही, तेव्हा ईलिंगच्या स्टुडिओत पाण्याचा एक जुना हौद होता, त्यात तीनमजली कोठड्या उभ्या केल्या. फ्लेचर हा सराईत चोर. पळून जायचं नाही, बंड करायचं नाही, फक्त रोज यंत्रणेवर एक छोटा विजय मिळवायचा: एक डबा अननसाच्या फोडी, दहा मिनिटं जास्त झोप. सोबत कोठडीत गॉडबर नावाचा नवखा पोरगा (रिचर्ड बेकिन्सेल), आणि वर मॅके हा करडा स्कॉटिश जेलर. फ्लेचर त्याला 'साहेब' म्हणतो ते अशा सुरात की तक्रार करायला जागा नाही आणि अपमान तर झालाय. बेकिन्सेल १९७९ मध्ये एकतिसाव्या वर्षीच गेला. 'पॉरिज'चा सिनेमा त्याच वर्षी आला, पण त्याआधीच मालिका थांबली होती.

स्पष्टवक्ती

सगळे कौतुकच करतायत म्हणून जरा विरजण घालते. 'द टू रॉनीज'चे जुने भाग बघितले आहेत का हल्ली? तोकड्या कपड्यांतल्या बायका मागून जातात आणि हे दोघे डोळे मिचकावतात. १९८० ची 'द वर्म दॅट टर्न्ड' ही उपमालिका बघा: भविष्यात इंग्लंडवर बायकांचं राज्य, पुरुषांना झगे घालायला लावलेत, रखवालीला चामडी चड्ड्यांतल्या पोरी. विनोद एवढाच. आठवडेच्या आठवडे चालवलं ते. १९८२ मध्ये 'नॉट द नाइन ओ'क्लॉक न्यूज' या विनोदी कार्यक्रमवाल्यांनी 'द टू निनीज' (निनी म्हणजे बावळट) म्हणून यांची रेवडी उडवली ती अगदीच रास्त होती. आणि तुमच्या या 'स्वतःला वजा करणाऱ्या' गृहस्थांना ते भयंकर झोंबलं होतं. वजा झालेल्या माणसाला झोंबतं होय?

मिसळखाऊ

+१ स्पष्टवक्ती. शेवटचं वाक्य जबरी.

खडूस_आजोबा

त्या काळात तसंच चालायचं. आजच्या चष्म्यातून बघितलं तर दादा कोंडकेही उरणार नाहीत.

स्पष्टवक्ती

आजोबा, आजचा चष्मा कुठे लावला मी? १९८२ साली त्यांच्याच देशातल्या पोरांनी हेच म्हटलं होतं, तेच सांगतेय. आणि दादांच्या द्व्यर्थाला निदान सेन्सॉरशी झुंजायचं असायचं. इथे बीबीसी शनिवारी रात्री पाट मांडून वाढत होती.

कापूसकोंड्या

@स्पष्टवक्ती, मान्य आहे. 'वर्म' तर मलाही बघवत नाही. बार्करला समुद्रकिनाऱ्यावर विकली जाणारी ती चावट, रंगीत पोस्टकार्डं जमवायचा नाद होता, हजारोंनी जमवली, त्यांची पुस्तकंही काढली. त्याच्या विनोदाचं एक मूळ तिथे आहे: जाडी बायको, वाळका नवरा, आणि हॉटेलच्या खोलीतला गोंधळ. ते वय झालेलं आहे. झोंबलं हेही खरं. कॉर्बेटने ती नक्कल तुलनेने हसून घेतली, बार्करने नाही.

पण त्यामुळे माझं म्हणणं खोटं ठरतं असं वाटत नाही. त्याला लोकांसमोर 'रॉनी बार्कर' म्हणून उभं राहता येत नसे. कॉर्बेट त्या प्रचंड खुर्चीत बसून, पाय जमिनीला न टेकता, निर्मात्याच्या कागाळ्या करत एकच विनोद फाटे फोडत सांगायचा (ते स्पाइक मलिन्स आणि नंतर डेव्हिड रेन्विक लिहीत). तो तिथे स्वतः असायचा. बार्कर कधीच नाही. तो 'अमुक संस्थेचा प्रवक्ता', 'तमुक खात्याचा मंत्री' म्हणून यायचा. सुरुवातीला दोघे टेबलापाशी बातम्या वाचायचे तेही म्हणूनच: बातमी वाचणारा हाही एक वेषच. "नमस्कार, बरं वाटलं तुम्हाला भेटून" एवढंसुद्धा त्याला लिहून लागायचं. 'टू निनीज'मध्ये नक्कल झाली ती स्किटची नाही, त्या दोघांची. वेषाखालचा माणूस पकडला म्हणून झोंबलं, असं आपलं माझं मत.

स्पष्टवक्ती

वकिली छान करता. अर्धी मान्य.

शुभ्रा_क

'टू रॉनीज' सुरू कशी झाली? हे दोघे आधीपासून जोडी होते का?

कापूसकोंड्या

जोडी अशी नव्हतीच, हेच त्यांचं वैशिष्ट्य. एक हसवणारा आणि एक नुसता टेकू देणारा, असा प्रकार नाही. दोघांचा स्वतंत्र संसार. १९६६ च्या 'द फ्रॉस्ट रिपोर्ट'मध्ये एकत्र आले. त्यातलं वर्गभेदाचं स्किट सगळ्यांनी बघितलं असेल: उंच जॉन क्लीझ, मधला बार्कर, बुटका कॉर्बेट, तिघे ओळीत. क्लीझ उच्चवर्गीय, तो खाली बघतो. बार्कर वर बघून लाचार, खाली बघून ताठ. कॉर्बेट दोघांकडे मान वर करून म्हणतो, मला माझी पायरी ठाऊक आहे. ते लिहिलं मार्टी फेल्डमन आणि जॉन लॉ यांनी. इंग्रजी समाजशास्त्र दीड-दोन मिनिटांत.

पुढे लंडन पॅलेडियममध्ये पुरस्कार सोहळा चालू असताना यंत्रणेत बिघाड झाला आणि या दोघांनी मंचावर उभं राहून कित्येक मिनिटं वेळ मारून नेली. प्रेक्षकांत बीबीसीचे बिल कॉटन आणि पॉल फॉक्स बसले होते. तिथेच ठरलं म्हणतात. एप्रिल १९७१ ला सुरू, १९८७ च्या नाताळला शेवट.

नेपथ्यवाला

'फोर कँडल्स'वर कुणी काहीच बोललं नाही?! मग मीच बोलतो, नाटकवाल्याच्या नजरेने.

१९७६ चं, लेखक अर्थात जेराल्ड वायली. हार्डवेअरचं दुकान. कॉर्बेट काउंटरमागे, बार्कर गिऱ्हाईक, डोक्याला टोपी, हातात यादी. लंडनच्या कष्टकरी बोलीत शब्दारंभीचा 'ह' गिळतात (पुलंची 'ती फुलराणी' ज्या नाटकावरून आली त्यातली पोरगीही तेच करते). गिऱ्हाईक मागतो ते दुकानदाराला 'फोर कँडल्स' ऐकू येतं. चार मेणबत्त्या काढून देतो. नाही, 'फोर्क हँडल्स' हवेत, बागेतल्या काट्यांचे दांडे! पुढे 'ओज' मागतो. दुकानदार कुदळीसारखं अवजार आणतो, मग पाण्याची नळी, मग बायकांचे पायमोजे. हवी असतात फाटकावर लावायची 'ओ' ही अक्षरं. अक्षरांचा खोका वरून काढून, देऊन, परत जागेवर ठेवून होतो आणि गिऱ्हाईक म्हणतो 'पीज'. आता दुकानदार शहाणा झालाय, तो पुन्हा चढून 'पी' अक्षरं आणतो. हवे असतात वाटाण्याचे डबे.

यात बघण्यासारखं काय, तर गिऱ्हाईक एकदाही खोडी काढत नाही. बार्करचा चेहरा दगड. त्याच्या लेखी तो साधी खरेदी करतोय आणि हा दुकानदार मठ्ठ आहे. दुसरं म्हणजे दुकानदारही मठ्ठ नाही, प्रत्येक वेळी तो ऐकलं तसंच देतोय. दोघेही बरोबर, आणि तरी काउंटरवर ढीग वाढतोय. तिसरी गोष्ट तालमीची: वर चढणं-उतरणं. शब्दाचा विनोद क्षणात संपतो, पण चुकीची वस्तू ठेवायला परत जाण्याचा जो वेळ आहे त्यात प्रेक्षक पुढच्या चुकीची वाट बघतो. लिहिणारा नट असल्याशिवाय ही जागा कागदावर सुचत नाही. नुसत्या लेखकाने शाब्दिक कोट्यांची आगगाडी केली असती.

चिंचगोळी

हे वाचून आत्ता यूट्यूबवर बघितलं. हापिसात. बॉस विचारतोय काय झालं.

कापूसकोंड्या

@नेपथ्यवाला, प्रतिसाद लेखापेक्षा उजवा! भर एवढीच की शेवट बार्करला कधीच मनासारखा वाटला नाही. कंटाळून दुकानदार ती यादीच हिसकावतो, एक नजर टाकतो, सहकाऱ्याला बोलावतो आणि निघून जातो. तो सहकारी यादी बघून विचारतो, "बिलहुक्स कुठल्या प्रकारचे हवेत?" (झुडपं छाटायचा कोयता, आणि उच्चाराला एक चावट शब्द शेजारी). लोक खदखदून हसले, पण लिहिणारा नाखूश. मला तर वाटतं तो बरोबर होता. इतका वेळ एकही चावट शब्द न वापरता हसवलं आणि शेवटी पोस्टकार्डावर आला.

आणि एक श्रेय चुकतं बरेचदा: 'मास्टरमाइंड'चं स्किट, ज्यात स्पर्धक दर वेळी आधीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते बार्करचं नाही, डेव्हिड रेन्विकचं.

लीड्सवासी

उशिरा आलो. आम्हा यॉर्कशायरवाल्यांसाठी बार्कर म्हणजे 'ओपन ऑल अवर्स'चा आर्कराइट. बाहेरच्या दृश्यांसाठीचं दुकान डॉनकॅस्टरच्या बॅल्बी भागात आहे, खरं म्हणजे ते केस कापायचं सलून. चित्रणापुरतं त्याला वाण्याच्या दुकानाचं रूप द्यायचे. अजून लोक समोर उभे राहून फोटो काढतात. मीही काढलाय, बायकोने नाइलाजाने.

आर्कराइट म्हणजे आपल्या कुठल्याही गल्लीतला शेठ. गिऱ्हाईक आगपेटी घ्यायला आलं तर डबाभर बिस्किटं घेऊन जातं. त्याच्या गल्ल्याच्या यंत्राचा खण इतका जोरात मिटतो की बोटं जातील, त्यामुळे सुटे द्यायचे म्हणजे त्याला नागाच्या बिळात हात घातल्यासारखं असतं. हा चिक्कूपणा यंत्रातसुद्धा उतरलाय. भाचा ग्रॅनव्हिल म्हणजे डेव्हिड जेसन, त्याला सायकलवरून पिटाळायचं, आणि समोरच्या नर्स ग्लॅडिसवर लाइन मारायची. प्रत्येक भागाच्या शेवटी दिवेलागणीला माल आत घेताना तो एकटाच स्वतःशी बोलतो ते मला फार आवडतं. रॉय क्लार्कचं लिखाण ते.

पण त्याचं ते अडखळत बोलणं. आज चालेल का?

अबोली_९

@लीड्सवासी, मी स्वतः अडखळत बोलते म्हणून सांगते. शाळेत असल्या नकलांनी जीव नकोसा केला होता, त्यामुळे आर्कराइट मी कपाळाला आठ्या घालूनच बघायला बसले. पहिले दोन भाग राग आला. नंतर लक्षात आलं की मालिकेत तो हुकमी माणूस आहे. अडखळतो तो, पण कोंडीत सापडतं ते गिऱ्हाईक. आणि शब्द अडला की तो दुसरा शब्द पकडून पुढे सटकतो, ते आम्ही रोज करतो. हे कुणीतरी नीट बघितलेलं आहे, नुसतं 'ब-ब-ब' नाही. तरीसुद्धा, हशा पिकतो तो शब्दाला की अडण्याला, हे मला कधी कळलं नाही. ज्यांना ते नको वाटतं त्यांना मी चूक म्हणणार नाही.

कापूसकोंड्या

@अबोली_९, धन्यवाद, हे तुम्हीच लिहू शकत होतात. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे: ते अडखळणं संहितेत नव्हतंच, बार्करने घातलं. ग्लेन मेल्विन नावाचा नट-लेखक, ज्याने त्याला १९५६ मध्ये टीव्हीवरचं पहिलं काम दिलं, त्याच्याकडून त्याने ते उचललं होतं.

खडूस_आजोबा

ते सगळं ठीक. पण सगळं शिखरावर असताना अठ्ठावन्नाव्या वर्षी चंबूगबाळं आवरून जुन्या वस्तूंचं दुकान काढलं, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. आमच्याकडे नटाला उचलून विंगेत न्यावं लागतं.

कापूसकोंड्या

आजोबा, तुम्ही माझ्या पुढच्या प्रतिसादातली हवाच काढली. :)

हो. १९८७ अखेर निवृत्ती, चिपिंग नॉर्टन या ऑक्सफर्डशायरमधल्या गावात बायकोसोबत 'द एम्पोरियम' नावाचं दुकान. कॉर्बेट आणि जवळचे दोघं-चौघं सोडता आधी कुणाला कल्पना नव्हती. निरोपाचा कार्यक्रम नाही, रडारड नाही. नाताळचा भाग नेहमीसारखा झाला, नेहमीसारखंच "माझ्याकडून शुभ रात्री", "आणि याच्याकडूनही" म्हणून संपला. बघणाऱ्याला कळलंच नाही की हे शेवटचं. कारणं त्याने साधी दिली: नवीन काही सुचेना, आणि रक्तदाब. तो लिहिणारा होता म्हणून हे त्याला आधी कळलं असावं. नुसत्या नटाला 'सुचत नाही' हे कळायला वाव नसतो, दुसरे सुचवून देतात.

पीटर हॉलने, म्हणजे त्याला लंडनला आणणाऱ्यानेच, नॅशनल थिएटरसाठी शेक्सपिअरचा ढेरपोट्या फॉल्स्टाफ देऊ केला होता. तोही नाकारला. याची हळहळ मला खरी आहे.

नेपथ्यवाला

फॉल्स्टाफ नाकारला?! अरे देवा. पोटासकट तयार होता माणूस.

लीड्सवासी

दुकानात लोक वस्तू घ्यायला कमी आणि त्याला बघायला जास्त येत असणार. आर्कराइटने दुकान काढलंय म्हणजे काय!

शुभ्रा_क

परत आलाच नाही का मग?

कापूसकोंड्या

आला, पंधराएक वर्षांनी, आणि कसा तर चर्चिलचा बटलर म्हणून. 'द गॅदरिंग स्टॉर्म' (२००२), चर्चिल होता अल्बर्ट फिनी. ट्रे घेऊन येणारा, कमी बोलणारा माणूस, आणि त्याच्यावरून नजर हटत नाही. पुढच्या वर्षी 'माय हाउस इन अंब्रिया'त निवृत्त जनरल. २००५ मध्ये जुनी स्किटं घेऊन कॉर्बेटबरोबर 'स्केचबुक' केलं आणि त्याच ऑक्टोबरात गेला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या स्मरणसभेत मिरवणुकीत दोनऐवजी चार मेणबत्त्या होत्या, हे बहुतेकांना माहीत असेलच.

जुना_ट्रांझिस्टर

'अंब्रिया'त मॅगी स्मिथ आहे ना? तिचं आणि याचं ऑक्सफर्डपासूनचं काहीतरी होतं, असं अंधुक आठवतंय.

कापूसकोंड्या

बरोबर. ऑक्सफर्ड प्लेहाउसला ती अगदी पोरसवदा असताना बार्कर तिथे नट होता. तिला त्याने मोठ्या भावाच्या मायेने सल्ला दिला होता की हे क्षेत्र सोड, तुझं यात काही व्हायचं नाही. तो स्वतःच हे सांगायचा. 'अंब्रिया'साठी तिला एमी मिळालं.

मिसळखाऊ

हाच सल्ला जेराल्ड वायलीच्या नावाने दिला असता तर निदान नाव तरी वाचलं असतं.

स्पष्टवक्ती

मिसळखाऊ, आजच्या दिवसाचा प्रतिसाद तुमचा. कापूसकोंड्या, 'पॉरिज' कुठून सुरू करू ते सांगा. 'टू रॉनीज' बघणार नाही, आधीच सांगते.

कापूसकोंड्या

'सेव्हन ऑफ वन'मधला 'प्रिझनर अँड एस्कॉर्ट' आधी बघा, १९७३ चा. फ्लेचरला रेल्वेने तुरुंगात नेतायत तो भाग. मग पहिला सीझन ओळीने. आणि शीर्षकाच्या वेळी आवाज बंद करू नका.